'बाळशिदोरी'चा काटा

८ जून १९७४

आला! आबासाहेब हातात आला!

शिक्षण मंडळाचा शिपाई सायकलवरून निरोप देऊन गेला. यंदा मंडळाच्या सगळ्या बालवाड्यांना एकच मासिक लावायचं — तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. कुठलं, ते ठरवायला समिती नेमलीय. आणि समितीत मी! कुंभारीसारख्या खेड्यातल्या बालवाडीची बाई! नाव कुणी सुचवलं कोण जाणे.

दोनच मासिकं आहेत निवडीला. एक मुंबईचं 'टिंबटिंब'. दुसरं आमच्या सोलापूरचंच 'बाळशिदोरी'. ते काढतात हेमलताबाई, म्हणजे मंडळाचे चिटणीस आबासाहेब यांची सून. मंडळानं वर्गणी लावली नाही तर 'बाळशिदोरी' दिवाळी बघायचं नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

निरोप ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी करपली. करपू दे.

९ जून

लिहूनच ठेवते. राग शिळा व्हायला नको.

चार वर्षांपूर्वी मी सात रस्त्याच्या बालमंदिरात मुख्य बाई होते. पालकसभा भरलेली. आबासाहेब उठले, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "दानम्माबाई कष्टाळू आहेत, प्रश्नच नाही. पण बोलण्यात कानडी हेल आहे. कोवळ्या मुलांची भाषा बिघडते." लोक हसले. एका वकिलाच्या बायकोनं तर माझी नक्कल केली — माझ्यासमोर! मी अक्कलकोटची. घरात कानडी, शाळेत मराठी. माझ्या हाताखालून गेलेल्या एका तरी पोराची जीभ वाकडी झाली होती का?

त्याच आठवड्यात माझी बदली कुंभारीला. माझ्या खुर्चीवर हेमलताबाई.

सभेत त्या पहिल्या रांगेत होत्या. खाली मान घालून बसल्या होत्या. एक शब्द नाही. आबासाहेबांचं बोलणं मी एखादे वेळी विसरेन. त्यांचं ते गप्प बसणं नाही विसरणार.

११ जून

दोन्ही मासिकांचे अंक हातात पडले.

'टिंबटिंब' गुळगुळीत, भडक रंगांचं. 'बाळशिदोरी' पातळ कागदावर. रंग दोनच, काळा आणि विटकरी. पहिल्यांदा हायसं वाटलं. मग वाचायला बसले.

चांगलं आहे. मेली चांगलं काढते!

एका पानावर एकच ओळ, मोठ्या ठळक अक्षरात. आणि ओळ कशी? पोरं बोलतात तशी. "हितं कोण लपलंय?" — खाली पालथी टोपली. पान उलटलं की कोंबडी. "तितं कोण झोपलंय?" — सतरंजीची गुंडाळी. पान उलटलं की मांजर. बास, एवढंच. पण चार वर्षांच्या पोराला ह्याहून जास्त काय लागतं? हे मला सुचायला हवं होतं.

चांगलं आहे म्हणून काय झालं? मला ते पाडायचंच आहे.

१४ जून

आज दोन्ही अंक मुलांना वाचून दाखवले. 'टिंबटिंब' हावभाव करून, आवाज काढून, टाळ्या वाजवून. 'बाळशिदोरी' आपलं सरळ, रूक्ष.

आमची मदतनीस सोनाबाई दारात सुपारी कातरत बसली होती. म्हणाली, "बाई, ह्ये पुस्तक आसं का वाचताय? मयताला आल्यागत?"

मी म्हटलं, घसा बसलाय.

'टिंबटिंब'मध्ये बर्फाचा माणूस आहे. गळ्यात मफलर, नाकाला गाजर. रावजीनं बोट ठेवून विचारलं, "बाई, ह्यो पांडरा का हाय? पिटाचा डबा सांडला व्हय अंगावर?" सगळी हसली. बर्फ म्हणजे काय ते सांगता सांगता माझी दमछाक झाली. शेवटी सोनाबाईच म्हणाली, "गारा पडत्यात न्हवं, त्या गोळा करून केलाय." पोरांना पटलं. पण नंतर कुणी ते पान उघडलं नाही.

'बाळशिदोरी' मी कपाटात टाकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत बघते तर बाहेर! तिघंजणं पालथी पडून बघत होती.

१८ जून

रुक्साना बोलली.

मदिनाबीची मुलगी. बांगड्या विकणारी मदिनाबी. वर्ष झालं, पोर रोज येते, कोपऱ्यात बसते, जाते. घरी म्हणे चुरुचुरु बोलते. इथं हूं की चूं नाही. मी काय काय केलं! गाणी, बाहुल्या, खडीसाखर. एकदा तिच्यासाठी मदिनाबीकडून चार दखनी शब्द शिकून आले आणि तसंच बोलले. तिनं नुसतं बघितलं माझ्याकडं.

आज धोंडीराम टोपलीचं पान धरून ओरडत होता, "हितं कोण लपलंय? सांगा की!" पान उलटायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला —

"मुर्गी!"

सगळी पोरं वळली. रुक्साना उभी राहिलेली, दोन्ही हात तोंडावर. मग परत, आणखी मोठ्यांदा, "मुर्गी! मुर्गी!"

सोनाबाईच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं, खोटं कशाला लिहू. पण त्या पाण्याखाली काय होतं ते ह्या पानालाच सांगते. राग! तो पहिला शब्द माझ्या हातून यायला हवा होता. वर्षभर मी खपले आणि आला कुणाच्या हातून? तिच्या!

२२ जून, शनिवार

झालं. मोडलं.

बैठक सात रस्त्याच्या कचेरीत. समितीत तिघंच. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक हिंदुराव सर, मुलांचे डॉक्टर गुरुबसप्पा, आणि मी. आबासाहेब चिटणीस म्हणून बाजूला बसलेले. मत द्यायचा हक्क नाही. हेमलताबाई बाहेरच्या बाकावर.

आबासाहेबांनी स्वतः चहा पुढे केला. "या दानम्माबाई! किती वर्षांनी पाय लागले." घाबरलाय, मनात म्हटलं.

हिंदुराव सरांना 'बाळशिदोरी' आवडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "मी काय सांगू? रोज मुलांत असतात त्या बाईंना विचारा."

मी उठले. सगळं पाठ करून गेले होते. कागद पातळ. रंग दोनच. आणि मग अंक उघडून ते पान त्यांच्यापुढे धरलं.

"हितं. तितं. लपलंय. सर, ही भाषा शुद्ध आहे का? कोवळ्या मुलांची भाषा बिघडते."

हेच शब्द! आबासाहेबांचेच! बोलताना त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मान खाली घातली. दार उघडं होतं. बाहेर हेमलताबाईंनीही ऐकलं असणार. त्या दिवशी त्यांनी ऐकलं होतं, तसंच.

रुक्सानाबद्दल मी काही बोलले नाही.

'टिंबटिंब' ठरलं. कुंभारीच्या गाडीत खिडकीशी बसले. वारं लागत होतं. आपण हसतोय हे शेजारची बाई बघायला लागली तेव्हा कळलं.

२३ जून

शेंगाच्या पोळ्या केल्या. सोनाबाईला दिल्या. "आज काय सण हाय?" म्हणाली.

हाय, म्हटलं.

९ जुलै

'टिंबटिंब'चा गठ्ठा आला. ह्या अंकात आगबोट, अननस आणि टाय लावलेला ससा. पोरांनी दोन दिवस रंग बघितले, मग त्याच कागदाच्या टोप्या केल्या.

धोंडीराम रोज विचारतो, "बाई, टोपलीचं कुटं हाय?" तो अंक मी मंडळाला परत करून टाकला. संपलं, म्हणते. रुक्साना परत कोपऱ्यात. काल मदिनाबी बांगड्यांची टोपली डोक्यावरून उतरवून दारातच बसली. "बाई, इत्ते दिन लई बोलत होती, मुर्गी मुर्गी करून जीव खायची. आता गप का?"

मी म्हटलं, बोलेल.

अजून वाईट वाटत नाहीय मला. वाटायला पाहिजे का?

२४ जुलै

हेमलताबाई आल्या. इथं, कुंभारीला. एकट्या, एस्टीनं.

वर्गाच्या दारात उभ्या. पिशवीत शिल्लक अंक. भांडायला आल्या असतील म्हणून मी पदर खोचला. त्या म्हणाल्या, "एवढे उरलेत. मुलांना द्याल? घरी राहिले तर बंबात जातील."

मी बसा म्हटलं नाही. त्या आपणच जमिनीवर बसल्या, पोरांत. टोपलीचं पान उघडलं. कोपऱ्यातून रुक्साना उठली, आली, थेट त्यांच्या मांडीवर बसली! पान उलटू देईना. "मुर्गी," त्यांच्या कानात म्हणाली. हेमलताबाई दचकल्या, मग म्हणाल्या, "अगं, खरंच की! मुर्गी! तू कसं ओळखलंस?"

मला तिथं उभं राहवेना.

पोरं गेल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, "सासऱ्यांना फार लागलं असेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मामंजींना? त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पेढे वाटले, दानम्माबाई."

मग सगळं सांगितलं. मासिक सुरू झालं तेव्हा आबासाहेबांनी समारंभ केला, भाषण ठोकलं — घरची लक्ष्मी, वगैरे. पण ही सून रोज छापखान्यात जायला लागली. अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्यांशेजारी बसून शिशाचे खिळे बघायला लागली. लोक 'हेमलताबाई आहेत का?' विचारत घरी यायला लागले. ते त्यांना खुपलं. एवढा समारंभ केलेला, स्वतः बंद करायचं तर तोंड कुठं दाखवणार? "म्हणून समिती. म्हणाले, त्या अक्कलकोटच्या बाईला घ्या. बाकी काही करायला लागणार नाही. तुमचं नाव त्यांनीच घातलं."

पोरांनी टाकलेले अंक मी गोळा करायला लागले.

"आणि चार वर्षांपूर्वी तुमची खुर्ची मी मागितली नव्हती. पण मी बोलायला हवं होतं. तेव्हा मी त्या घरात नवीन होते. आता जुनी झाले तरी तेच चाललंय. सोमवारपासून बालमंदिरातही जायचं नाही म्हणतात. यजमान कलकत्त्याला. त्यांचं उत्तर आलं, बाबा म्हणतील तसं."

गाडीपर्यंत पोचवायला गेले. गाडी हलली तेव्हा मी खिडकीला हात लावून म्हटलं, "माझ्याकडे दोन खोल्या आहेत." ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

२५ जुलै

चहाचा कप पुढे केला होता त्या आबासाहेबानं. आणि मी प्याले!

मान खाली घातली होती ती हसू लपवायला. मी सूड घेत होते म्हणे. त्याला नको असलेलं त्याच्यासाठी मोडून दिलं, ते पण त्याचेच शब्द वापरून.

२७ जुलै

पोरांना 'बाळशिदोरी' वाचून दाखवलं. नीट. आवाज काढून. सोनाबाई म्हणाली, "घसा सुटला वाटतं."

राग गेलेला नाही. चार वर्षं दोघांवर वाटून होता, आता सगळा एकावर.

३० जुलै

हेमलताबाई काल दुपारी आल्या. टांग्यातून ट्रंक उतरवली, ती एकटीला उचलेना. मासिकातली चित्रं छापायचे ठसे आहेत आत. आतली खोली त्यांना दिली.

आत्ता आबासाहेबांची मोटार दारात थांबलीय. हॉर्न वाजवतायत. हेमलताबाई कुजबुजल्या, "मी इथं नाही म्हणून सांगा."

नाही म्हणून कशाला? आहे, म्हणून सांगते.