रबाबच्या दुधाची बदनामी

आदरणीय इन्शिराहताईस धाकट्या भावाचा, बैयूमीचा सलाम.

तुझे गुडघे, तुझी कबुतरं आणि मिन्याची हवा, तिन्ही याच क्रमाने ठीक असोत. इकडे दमनहूरला आम्ही सुखरूप. दुकान बरं चाललंय. इथले सोनार अजूनही तराजू दुरुस्तीला माझ्याशिवाय कुणाच्या हातात देत नाहीत. बाळाच्या सातव्या दिवसाच्या सोहळ्याचं आमंत्रण तुला पोचलंच नाही असं कळलं. टपालाचं काय सांगावं! वाईट वाटून घेऊ नकोस, आणि आता एवढ्या लांबच्या प्रवासाचा त्रासही घेऊ नकोस. (गुडघे!) काय काय झालं ते मीच तपशिलाने लिहितो. तपशील माझ्याइतका कुणाला जमत नाही, हे तू जाणतेसच.

तर आपल्या रबाबला मुलगा झाला. बाळंतपणाला ती आमच्याकडे आहे, आणि तिच्यामागोमाग तिची सासू हाज्जा तफीदाही. माझी मुलगी म्हणून सांगत नाही, पण दूध असं की बाळ पिता पिता ठसकायचं. बघता बघता पोरगं गलेलठ्ठ झालं. आता इतकं चांगलं चाललं की आपण काय करतो? लपवतो. बाळाला निळा मणी अडकवला, नाव शहात, म्हणजे भिकारी, ठेवलं (भिकाऱ्याचा कुणाला हेवा वाटणार?) आणि हाज्जाने फर्मान काढलं, की भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायचं, पोरीला दूधच नाही. म्हणजे दृष्ट लागायची भीती नको.

हाज्जाचं खोटं अगदी ढोबळ. "काय सांगू बाई, थेंब नाही! कोरडा नळ!" एवढंच, आणि वर कपाळावर हात. मला असं गबाळं काम बघवत नाही. शाळा मी लवकर सोडली असली, तरी वैद्यकाच्या मोठ्या कोशाचा पहिला खंड मी स्वतः वाचून काढलाय. (तो 'कबिद', म्हणजे यकृतापाशी संपतो. 'लबन', म्हणजे दूध, दुसऱ्या खंडात आहे. तो मला कुठे मिळाला नाही.) तेव्हा मीच पुढे होऊन पाहुण्यांना समजावू लागलो, की दूध आहे पण पांचट, रंगाला निळसर, पेल्यात घेऊन पलीकडे वर्तमानपत्र धरलं तर ठळक मथळे सहज वाचता येतात. बायका चुकचुकत. शेजारची उम्म हिलाल तर डोळे पुसत घरी गेली आणि भुकटीच्या दुधाचा डबा घेऊन परतली. "आमच्या सुनेने पहिल्यापासून डबाच दिला, बघा बांधा कसा राहिलाय! बड्या घरांत आता अंगावर पाजतं कोण?" दुसऱ्या एकीने मेथीचे दाणे इतके पाठवले, की घराला लोणच्याच्या बरणीचा वास येऊ लागला. सगळं कसं मनासारखं चाललं होतं.

एकच गोष्ट ध्यानात आली नाही. बैठक आणि रबाबची खोली यांच्यामध्ये भिंत नाही, मी ठोकलेल्या फळ्या आहेत. (ठोकल्यात उत्तम. पण फळ्याच त्या.) एके सकाळी रबाबने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि डबा मागितला.

"माझं दूध पांचट आहे ना, बाबा? तुम्हीच म्हणालात. पेपर वाचता येतो म्हणे."

मी म्हटलं, अगं वेडे, ते दृष्ट लागू नये म्हणून!

"खोटं कुणी एवढं बारीकसारीक बोलतं का?"

(क्षणभर मला बरं वाटलं, हे कबूल करतो.)

तेव्हापासून तिने धास्तीच घेतली. पाजायला बसते ती परीक्षेला बसल्यासारखी, अंग आखडतं, दूध उतरत नाही, पोर चिडून रडतं, की ही म्हणते, "बघा!" हाज्जा तफीदाची तर दाणादाण उडाली. "अगं, नदी आहे नदी! नाईल!" असं ती परवा चक्क ओरडली. त्यावर रबाब शांतपणे म्हणाली, "खरंच चांगलं असतं, तर तुम्ही असं मोठ्याने बोलायला धजला असता का, सासूबाई?" ताई, याला उत्तर सांग. निंदा केली की तिला खरी वाटते, स्तुती केली की ती नुसती दया वाटते. डबा फळीवर आहे, अजून उघडलेला नाही. शुक्रवारपर्यंत वाट बघेन, म्हणते.

असो. बाकी सर्व क्षेम. कबुतरांना दाणे. तू मुळीच दगदग करू नकोस.

तुझा आज्ञाधारक,
बैयूमी

ता. क. ये. शुक्रवारच्या आत ये. माझ्या लग्नात तू झुंबराला "काय झगमगतंय!" म्हणालीस आणि ते थेट सूपाच्या पातेल्यात उतरलं, त्यावरून लोक तुझ्या नजरेबद्दल जे बोलतात, त्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. पण रबाब ठेवते. परवाच म्हणाली, "आत्या ज्याला चांगलं म्हणते ते चांगलं असतंच, म्हणून तर फुटतं." आपल्या घराण्यात न घाबरता स्तुती करणारी तू एकटीच. दृष्ट टाळायचं ते माशाल्ला न म्हणता, तोंड भरून बोल. हाज्जाला मी तेवढ्या वेळापुरतं बाजारात नेईन. हे आमंत्रण मिन्याला निघालेल्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. हे नाही हरवणार.

आणखी एक: दूधच बघ. येता-जाता माझ्या नव्या तराजूकडे बघू नकोस.

शेवटचं: लिहितो ते मोठ्याने वाचायची माझी खोड तुला माहीत आहे. आणि मध्ये फळ्या आहेत, हे मी पुन्हा विसरलो. आत्ताच पलीकडून हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. मग रबाब म्हणाली, "बाबा, आत्याला लिहा, ती यायच्या आधी मी मणी काढून ठेवते. बघू तरी काय फुटतं!" पोर रडायचं थांबलं. आणि आता ठसकलं. हे शेवटचं वाक्य मात्र मी मनातल्या मनात लिहितोय.