राक्षस डुलत उभा राहतो

लिंबायत, मंगळवार, १९९७

क्लासची मुलं गेल्यावर आज पुन्हा कॉम्प्युटरवर तो राक्षसाचा गेम खेळले. त्यातली मारामारी मला फार आवडते. आधी आपण वार करायचा, मग त्याने. आपला नंबर असेपर्यंत राक्षस नुसता डुलत उभा राहतो. मध्ये तोंड घालत नाही!

घरी आले तर ह्यांनी परत कोसाडच्या खोलीचा विषय काढला. तिकडे एवढ्या लांब राहायला गेलो की माझी क्लासमधली नोकरी सुटणार, म्हणून रोज भांडण. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या माणसाला हळू बोलणं जमत नाही, आणि त्यांच्यावर आवाज चढवून चढवून मलाही. आज म्हटलं, "अहो, आधी तुम्ही बोला. मी थांबते."

ते बोलले. मी डुलत उभी.

मग माझा नंबर. "मला ते काम आवडतं," मी म्हटलं. हे आधी कधी सांगितलंच नव्हतं का मी?

 ते म्हणाले, "एवढं आवडतं तर सांगायचं ना! इथंच बघू खोली."

माझे बाकीचे सगळे वार तयार होते. वाया गेले. इतका सोपा राक्षस!