बाळगोळीची डबी

सोलापूर, मंगळवार, माघ १९३१

गिरणीत दिवसभर ती गोळ्यांची डबीच डोक्यात होती. मी कामावर गेले की चिंगीनं झोपून राहावं म्हणून सासूबाई तिला रोज अफूची बाळगोळी देतात. चाळीत सगळ्याच देतात. पण गुळाच्या पुडीच्या कागदावर वाचलं, त्यानं मूल सुकतं. चिंगी सुकलीच आहे की. म्हणून सकाळी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, आज नको."

"लई शिकलीस. तुज्या नवऱ्यालाबी हीच देऊन वाढवला. काय झालं त्याला?"

बोलून गेल्या आणि चुलीकडे वळल्या. ह्यांना जाऊन अजून वर्ष नाही झालं.

संध्याकाळी आले तर चिंगी जागी, रडून लाल झालेली. कण्या मात्र वाटी चाटून खाल्ल्या. कधी खाल्ल्या होत्या अशा? गोळी दिली का, हे सासूबाईंना विचारायचा धीर होईना. तेवढ्यात पोरीच्या मुठीत तीच डबी दिसली. ओढून घेतली तर आत ज्वारी वाजली, झाकण दोऱ्यानं घट्ट बांधलेलं.

"गप बसंना, मग काय करू?" सासूबाई म्हणाल्या. "गोळ्या मोरीत टाकल्या. दे तिला तिचा खुळखुळा."

उद्याही रडेल. रडू दे.