जावेसाठी फाळणीचा अभ्यास

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आजपासून राग या विषयावर वाचन. स्वतःसाठी नाही, मला राग येत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या धाकट्या जावेसाठी, म्हणजे वत्सलासाठी.

कारण चैताली. वत्सलाची मुलगी, पण लहानपणी जेवायला माझ्याकडेच असायची. डिसेंबरात तिचं लग्न. काल येऊन म्हणाली, काकू, पुढच्या वर्षी गौरींना मी सासरी असेन, यंदा तरी दोघींना एका घरात बसवा. तुमच्या नाहीतर आमच्या, कुठेही.

सासूबाईंनी देवळ्याहून आणलेले दोन पितळी मुखवटे. घर वेगळं झालं तेव्हा वाटले गेले. ज्येष्ठा माझ्याकडे, मी थोरली म्हणून. कनिष्ठा तिच्याकडे. जोडीला मी नारळाला डोळे काढून बसवते. देवाला चालतं. वत्सलाने बाजारातून मुखवटा आणला, महागाचा, स्वभाव.

भांडण कशावरून झालं ते मी केव्हाच विसरले. भर पंगतीत, मी दुसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा, हिरव्या पैठणीत बसून ती म्हणाली होती, "ताईंच्या पोळीत पुरण शोधायला टॉर्च लागतो." मला तर आठवतही नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

गंगापूर रोडच्या वाचनालयात नाव घातलं. पुस्तक केवढंही असो, फी तीच. म्हणून सगळ्यात जाड मागितलं. काउंटरवरच्या बाईंनी विषय विचारला. म्हटलं, भांडणं. त्यांनी फाळणीचा इतिहास दिला.

घरी आल्यावर पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, देव्हाऱ्याशेजारी पाटावर ठेवलं. ह्यांनी कव्हर पाहिलं. त्यावर जळती गावं आहेत. हे देवाजवळ कशाला, म्हणाले. म्हटलं, सरस्वती ती सरस्वती. पोथीसारखं वाचणार. एक आसन, मौन, मध्ये उठायचं नाही.

कुकरसाठी उठले. तो अपवाद.

८ ऑगस्ट, शुक्रवार, दुपार

वाचवत नाही. पिढ्यानपिढ्या शेजारी राहिलेली माणसं. एका म्हातारीने घराला कुलूप लावून किल्ली पलीकडच्या बाईला दिली, दोन दिवसांत येते म्हणून. गेली ती गेली. पदर ओला झाला, पुस्तक वाचवलं, वाचनालयाचं आहे.

पुढे पुढे तर ऑफिसातल्या खुर्च्या, टाइपरायटरसुद्धा वाटून घेतले म्हणे. एका कोशाचे अर्धे खंड इकडे, अर्धे तिकडे. हसूच आलं. आता अर्ध्या कोशाचं कोण काय करणार? शिकलेली माणसं. आमच्याकडे मुखवटे दोनच होते, त्यामुळे असा प्रश्न आला नाही.

आणि पुढारी एकमेकांशी बोलेनात. एकाने उठून दुसऱ्याच्या दारी जायला काय होत होतं?

संध्याकाळी लिफ्टमध्ये वत्सला होती. मी जिन्याने आले. व्यायाम.

११ ऑगस्ट, सोमवार, उपवास

वाचलेलं तिच्यापर्यंत पोचवायला हवं. पुस्तकात पेन्सिल लावता येत नाही, म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून पानापानांत घातल्या. प्रत्येकीवर एक शब्द: अहंकार. उधळपट्टी. टोचून बोलणे. चैतालीच्या हाती पाठवलं. म्हटलं, सहज दे, आईला वाटायला नको की मी शिकवतेय.

१३ ऑगस्ट, बुधवार

पुस्तक परत आलं. वत्सलाने माझ्या पट्ट्या काढून नव्या घातल्यात, दुकानातल्या रंगीत, चिकटणाऱ्या. हट्ट. मोठेपणाचा तोरा. आधी स्वतः वाचावे.

तिला विषय समजलेला नाही. सगळ्या चुकीच्या पानांवर लावल्यात. एक तर मी उघडलंच नव्हतं त्या पानावर.

१६ ऑगस्ट, शनिवार

इतिहासाने डोकं दुखतं. कादंबरी आणली, काळ्या कव्हरची. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, फार भयानक आहे, जपून. एक बाई जावेला बासुंदीतून विष घालते. चार लिटर आटीव दूध. एका माणसाला मारायला चार लिटर. पुढचं वाचताना सगळं लक्ष दुधाकडेच.

समोर सत्यनारायण होता. मी गेले नाही, बोलावणं चैतालीकडून आलं होतं, ते खरं बोलावणं नव्हे. प्रसाद मात्र वत्सलाने स्वतः आणून दाराच्या कडीला पिशवी अडकवली. प्रसाद नाकारता येत नाही. आधी ह्यांना दिला. अर्धा तास थांबले. हे टीव्ही बघत होते, ठीक दिसले. मग मी खाल्ला. तुपाने बोटं माखली. त्या घरात कधी बरकत येणार नाही.

पुन्हा थोडा मागितला असता तर चाललं असतं.

२० ऑगस्ट, बुधवार

पुन्हा इतिहास. तह कसे करतात हा भाग. तह कोणाच्याही हद्दीत करत नाहीत, मधली जागा शोधतात. हे माझ्या का लक्षात आलं नाही? आमच्या दोन दारांमध्ये जिन्याचा चौक आहे, चांगला ऐसपैस. गौरी तिथेच बसवायच्या. ना तिचं घर ना माझं. मंडप नको, एक जुनी नऊवारी आडवी लावली की झालं.

सोसायटीचे सेक्रेटरी रविराज यांना भेटले. ते म्हणाले, काकू, तो फायरचा पॅसेज आहे. म्हटलं, साक्षात महालक्ष्मी असताना आग कशी लागेल? ते म्हणाले, समया किती लावणार?

योजना स्थगित.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. गौरींना तीन दिवस उरले. मी शांत आहे. सातशे पानी पुस्तकाचं सार एकच: जो थांबतो तो जिंकतो. (असं थेट लिहिलेलं नाही, पण अर्थ तोच.) वत्सला येईल.

चैताली विचारायला आली. तिला समजावलं की ज्येष्ठा थोरली, ती धाकटीच्या उंबऱ्यावर जात नाही. शास्त्र आहे. तिने कुठलं शास्त्र विचारलं. म्हटलं, असेल कुठलंतरी.

मग मी तिला पुस्तकातली त्या म्हातारीची गोष्ट सांगितली, किल्लीची. सांगताना मलाच भरून आलं. चैतालीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, त्या लोकांकडेपण काहीतरी शास्त्र असेल ना?"

फार हुशार पोरगी. हे तिच्या आईने ऐकायला हवं होतं.

३१ ऑगस्ट, रविवार, गौरी आवाहन

जिंकले.

सकाळी दार उघडलं तर चौकात हळदीकुंकवाची पावलं. चैतालीने काढलेली. समोरच्या दारातून निघून माझ्या दाराशी आलेली. थोड्या वेळाने बेल वाजली. वत्सला. सुपात कनिष्ठा, कपाळभर कुंकू, डोळे खाली. मागे चैताली ताट वाजवत होती.

रीत अशी की बाहेरची म्हणते, गौर आली. आतली विचारते, कशाच्या पावली आली? बाहेरची सांगते, सोन्याच्या पावली. मग आतलीने पायावर दूधपाणी घालायचं आणि घरात घ्यायचं. तिचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघीच हे म्हणायचो, मी आतून, ती बाहेरून. वेगळं झाल्यावर बाहेरून मी म्हणते, आतून हे विचारतात आणि मध्येच विसरतात.

वत्सला म्हणाली, "गौर आली."

वाक्य मला झोपेतही येतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "कोणाची?"

माहिती म्हणून विचारलं. दोन असल्या की विचारावं लागतं.

ताट वाजायचं थांबलं. वत्सलाने सुपावर पदर ओढला, जसा बाळावर ओढतात, आणि वळली. तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बोलता आलं असतं.

पावलं अजून माझ्या दाराकडे तोंड करून आहेत. म्हणजे रीतसर ती आलीच होती. मी पाठवलं असं कोणी म्हणू शकत नाही.

दुपारी वरणात मीठ नव्हतं. ह्यांनी उठून स्वतःच घेतलं.

१ सप्टेंबर, सोमवार, पूजन

सोळा भाज्या केल्या. पुरण घातलं, कधी नव्हे एवढं. पोळ्या लाटताना फुटल्या. फुटू दिल्या.

नारळाकडे बघवेना. डोळे मीच काढलेत, तरी.

चैताली आज एकदाही आली नाही. समोरून आरती ऐकू आली, तिचा आवाज त्यात नव्हता. ठरवलं, आपण जायचं. पोरीसाठी. पाच पोळ्या, वर तूप, वर आणखी तूप. ताट झाकून चौक ओलांडला. पावलांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने गेले. वत्सलाला काय म्हणायचं ते पाठ केलं होतं, तीनच वाक्यं, पुस्तकातलं काही नाही.

बेल वाजवली. आतून चैतालीने विचारलं, "कोण?"

परत आले.

ह्यांनी विचारलं, दिलं का ताट? म्हटलं, दारच उघडलं नाही, त्यांची बेल बिघडलीय बहुतेक.

हे म्हणाले, "बेल इथे ऐकू आली."