आवाज चाळीस

फोंत सेका,
४ ऑक्टोबर

चि. झुल्मिरा हिस,
आदेरितूदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. टेलिफोन उचलत जा, असे तू पुन्हा एकदा लिहितेस. टेलिफोन हा मृत्यूची वार्ता कळवण्यासाठी असतो, आणि सध्या गावात कोणी मरण्याच्या मनःस्थितीत नाही. सबब लेखी उत्तर देत आहे.

तुझे घर सुस्थितीत आहे. तुम्ही मंडळी लक्झेंबर्गला परतल्यापासून मी नेहमीप्रमाणे दिवसाआड चढ चढून जातो, कुलूप उघडतो, खिडक्या उघडून हवा खेळवतो आणि पुन्हा बंद करतो. पन्हळीतली पाने काढली. चेस्टनट यंदा बारीक आहेत, परंतु पुष्कळ आहेत. हे झाले कुशल. आता तक्रार.

तुझ्या जावईबापूंनी ऑगस्टमध्ये बैठकीच्या खोलीत जी काळी डबी बसवली, तिने या घराचे नाव घालवले आहे. संध्याकाळी सहा वाजता घरात चिटपाखरू नसताना शटर आपणहून खाली येतात, दिवे लागतात, आणि जो अवाढव्य जुना टीव्ही तुमच्या एशहून आणताना चार पुरुषांच्या कमरा गेल्या, तो आपणहून बडबडू लागतो. आठ वाजता आपणहून गप्प. घरात माणसे आहेत असे चोरांना वाटावे, हा हेतू मला समजतो. परंतु आपल्या गावातला एकमेव चोर फ्रान्सला गेला, आणि तिथे त्याचे उत्तम चालले आहे असे ऐकतो.

जावई जेंपीने त्या टीव्हीला पाठवायच्या आज्ञा मला कागदावर दाखवल्या होत्या. चालू हो. आवाज अठरा. बंद हो. वर मायना नाही, खाली सही नाही. मी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्य आहे, प्रमाणपत्र भिंतीवर आहे. गाढवाशीसुद्धा आम्ही याहून बऱ्या भाषेत बोलत आलो.

गेल्या रविवारी मी सहज तुझ्या घरावरून जात असता, चषकाच्या सामन्यात पेनल्टी घेण्याच्या नेमक्या क्षणी तो टीव्ही बंद पडला. मला टीव्हीचे काही सोयरसुतक नाही हे तू जाणतेस. तुझी वहिनी ओदेत गेली तेव्हाच मी आमचा टीव्ही चर्चला देऊन टाकला. केवळ तत्त्वाचा प्रश्न म्हणून लिहितो. पाद्री लुसीनियू हेही योगायोगाने तिथूनच जात होते. त्यांच्या मुखातून जो शब्द निघाला तो मी लिहू शकत नाही, आणि त्यांनी तो परतही घेतला नाही.

भाची सेलियास आशीर्वाद, जावईबापूंस यथायोग्य. थोरल्या भावावरची माया आटू देऊ नकोस, इतकेच मागणे.

तुझा दादा,
आदेरितू

•

एश,
१५ ऑक्टोबर

ती. आदेरितूदादास,
झुल्मिराचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. सेलिया इतकी हसली की तिला टेबलावरून उठावं लागलं. जेंपीला भाषांतर करून सांगितलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, की गाढवाला मायना लागत असेल तर मामांनी नमुना पाठवावा.

दादा, सहाला शटर खाली येतात हे तूच लिहिलंस. बंद शटरमधून पेनल्टी बघणारे डोळे तुला या वयात कुठून मिळाले? मला इथे मोतीबिंदूसाठी तारीख मिळत नाहीये. तुझ्या डॉक्टरचं नाव कळव.

आज्ञांचं म्हणशील, तर टीव्ही काय आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर काय, दोघेही आपल्यासारखेच जुने, त्यांना इंटरनेट म्हणजे काय ते ठाऊक नाही. पण दोघांच्याही पाठीला नऊ टाचण्यांची एक खोबण आहे. तिथे त्या काळ्या डबीची तार लावून इथून एक ओळ लिहून पाठवली की ते ऐकतात, आणि ऐकलं की तसं उलट कळवतात. अक्षर चुकलं तर समजलं नाही म्हणतात. आणि ओळीच्या शेवटची ठरलेली खूण विसरलात, तर पुढचं काही येईल म्हणून नुसते ताटकळत बसतात. म्हणजे सही त्यांनाही लागतेच, समाधान झालं? जेंपीने आधी तार सरळ जोडली होती. याचं तोंड त्याच्या तोंडाला, याचा कान त्याच्या कानाला. दोन दिवस दोघंही बोलत राहिले आणि कोणी ऐकेना. मग त्याने तारा उलट केल्या, तोंड कानाशी आलं, आणि सुरळीत झालं. मी त्याला म्हटलं, ही तार लग्नाच्या आहेरात द्यायला हवी.

आता खरी गंमत. तो टीव्ही विचारलं की खरं सांगतो, आपल्या खानदानातला नसावा. रविवारी जेंपीने त्याला विचारलं, आवाज किती? असायला हवा अठरा. तो म्हणाला चाळीस. जेंपीने अठरा केला. जरा वेळाने पुन्हा चाळीस. पुन्हा अठरा, पुन्हा चाळीस! बिचाऱ्याने सबंध संध्याकाळ त्या यंत्राशी हुज्जत घातली. शेवटी सेलिया म्हणाली, की अहो, टीव्ही वेडा झालेला नाही, क्रिश्पिंकाका बहिरे आहेत. तुझा तो बेकरीवाला मित्र लहानपणापासून ओरडूनच बोलतो, मला काय माहीत नाही?

बरं, एक कामाची गोष्ट. जेंपी म्हणतो, मामांना या वयात दिवसाआड तो चढ चढायला लावणं आपल्याला शोभत नाही. नोव्हेंबरात मिरांदेलाहून एक माणूस येऊन किल्लीशिवाय चालणारं कुलूप बसवून जाईल. दार, खिडक्या, शटर, सगळं इथूनच बघता येईल. तेव्हा किल्ली त्या माणसाकडे दे आणि पाय वर करून बस. इतकी वर्षं केलंस, पुष्कळ झालं.

तब्येतीला जप. धाकटीची थट्टा पोटात घालतोस तशी तिची आठवणही राहू दे.

तुझी,
झुल्मिरा

•

फोंत सेका,
२७ ऑक्टोबर

श्रीमती झुल्मिरा यांस,
स. न. वि. वि.

आपले दि. १५ चे पत्र मिळाले. मजकूर समजला.

मिरांदेलाच्या गृहस्थांसाठी थांबण्याचे प्रयोजन नसल्यामुळे आपल्या घराची किल्ली या पत्रासोबत रजिस्टर टपालाने पाठवत आहे. पाकिटात काय आहे असे टपाल कचेरीतील बाईंनी विचारले. मी ‘राजीनामा’ असे सांगितले.

ही किल्ली आपल्या कै. यजमानांनी घर पुरे झाले त्या दिवशी माझ्या हाती दिली होती. ती माझ्या पट्ट्याला असे. ओदेतच्या दफनालाही ती माझ्या पट्ट्यालाच होती, आणि भर प्रार्थनेत वाजली होती. तिच्या वजनाने माझी विजार डाव्या बाजूला ओढली जाई. आता विजार सरळ राहते आणि मी तिरका चालतो, असे क्रिश्पिंचे म्हणणे आहे. त्याच्या म्हणण्याला महत्त्व देऊ नये.

आवाजाविषयी खुलासा. अठरावर ऐकायचे तर क्रिश्पिंला टीव्हीच्या मांडीवर बसावे लागेल. मी घराची देखरेख करत होतो. घरात माणसे आहेत असे चोरांना वाटावे, हा उद्देश. त्या उद्देशाच्या पूर्तीसाठी मी घरात माणसे बसवली. यात नेमका कोणता अपराध घडला, ते जावईबापूंनी लेखी कळवावे.

आपल्या खुर्च्या, गाद्या, चुलीपुढचा चिमटा, सर्व पूर्ववत आहे. खाली पडलेल्या शेंगदाण्यांची टरफले पाद्री लुसीनियू यांची आहेत. त्यांनी सामन्यांपायी बंद ठेवलेली रविवार संध्याकाळची जपमाळ नाइलाजाने पुन्हा सुरू केली असून, गावातील स्त्रिया त्याबद्दल आपल्या कुटुंबाला दोष देतात.

चढ मला कधीही जड गेला नाही. आपण मला विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही.

कळावे.

आपला,
आदेरितू दुश सांतुश मोराइश

•

एश,
१३ नोव्हेंबर

ती. दादास,
तुझ्या ‘श्रीमती’चा शि. सा. न. वि. वि.

पूर्ण नावाने सही केलीस. आईने मरतानासुद्धा तुझं पूर्ण नाव घेतलं नव्हतं. पाकीट फोडलं आणि किल्ली टेबलावर पडली, तेव्हा मी इतकी रडले की जेंपीला वाटलं गावाकडचं कोणी गेलं.

मी तुला तीनदा फोन केला. तू उचलला नाहीस. कोणी मेलं नव्हतं ना! शेवटी पाद्रीबुवांना केला. ते म्हणाले, की आदेरितू हयात आहे, पण सगळ्यांना, अगदी कुत्र्यालासुद्धा, ‘आपण’ म्हणतो.

आता ऐक. हे मी आधी लिहिलं नाही, कारण तू चिडला असतास. त्या रविवारनंतर मी जेंपीकडून एकच आज्ञा शिकून घेतली: आवाज किती? रोज संध्याकाळी स्वयंपाक गॅसवर ठेवते आणि दोन बोटांनी ती ओळ लिहिते. रविवारी टीव्ही म्हणतो चाळीस. म्हणजे तुम्ही तिघं आहात, पाद्रीबुवा टरफलं टाकतायत, आणि सगळं ठीक आहे. इतर दिवशी म्हणतो सव्वीस. सव्वीस म्हणजे तू एकटा. दिवसाआड जातो म्हणून लिहितोस आणि रोज जाऊन बसतोस, लबाडा! पण सव्वीस वाचलं की मला कळायचं, दादा आज चढ चढला, खुर्चीत बसलाय, बातम्यांवर ओरडतोय. मग मी शांतपणे जेवायचे.

तुझं ते पत्र टपालात पडल्यापासून रोज अठरा. विचारलं की अठरा, पुन्हा विचारलं की अठरा. अठरा म्हणजे घरात कोणी नाही. इतकी वर्षं ते घर बंद आहे, पण मला ते कधी रिकामं वाटलं नव्हतं. आता वाटलं.

कुलूप रद्द. जेंपीला मी सांगितलं, की ते तुझ्या गॅरेजला लाव. त्यावर तो चिडला नाही. म्हणाला, मामांना तो चढ हवाय हे मला कोणी सांगितलं का? खरं आहे, कोणीच सांगितलं नव्हतं. त्याने तुझे कष्ट वाचवायला म्हणून डोकं चालवलं, आणि आपण दोघांनी त्याला शब्दानेही कळू दिलं नाही. तुला चुकीच्या व्याकरणात एक चिठ्ठी लिहिलीय त्याने. लाल पेन बाजूला ठेवून वाच.

किल्ली परत पाठवतेय. सोबत लोकरीचे मोजे आहेत, ते पायात घाल, कपाटात नको.

आणि आठला बंद व्हायची आज्ञा मी जेंपीच्या यादीतून काढून घेतलीय. ती आता मी स्वतः लिहिणार. सामना संपला, किंवा तू सुपाशिवाय बसून राहिलायस असं मला वाटलं, की मी बंद करणार. तू चौथी पास, मला तिसरीतून काढलेलं, हे काही मी विसरले नाही. पहिल्या दोन वेळेला टीव्हीला समजलंच नाही. तिसऱ्या वेळेला ऐकलं माझं.

आजच जा. अठरा ऐकून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तुझीच,
झुल्मिरा

•

फोंत सेका,
२५ नोव्हेंबर

चि. झुल्मिरा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

किल्ली मिळाली. राजीनामा मागे घेत आहे. मोजे पायात आहेत. जेंपीच्या चिठ्ठीत सतरा चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत, हे त्याला अवश्य सांग. चिठ्ठी जपून ठेवली आहे.

बहिणीने भावावर टीव्हीकरवी पाळत ठेवावी, हे कोणत्या शिष्टाचारात बसते हा प्रश्न मी पाद्री लुसीनियू यांच्यापुढे मांडला. ते म्हणाले, की परमेश्वरही तेच करतो, पण तो आवाज विचारत नाही. त्यांच्याकडून याहून उपयुक्त मार्गदर्शन मिळाले नाही.

रविवारचा वृत्तांत. आवाज चाळीस होता, ते तुला ठाऊकच असेल. आपले लोक हरले. आठ वाजून गेले तरी टीव्ही बंद होईना, तेव्हा क्रिश्पिंने जावई मेला असावा असा तर्क केला. सामना संपला तरी कोणी उठले नाही. पुढे एक बाई माशाचे कालवण करून दाखवत होत्या. ते पाद्रीबुवांनी फार भक्तिभावाने पाहिले. मीठ पडण्याच्या सुमारास पडदा काळा झाला. क्रिश्पिंने जेंपीच्या नावाने, त्याच्या आईच्या नावाने आणि लक्झेंबर्गच्या समस्त प्रजेच्या नावाने जी शिवीगाळ केली, ती ऐकून पाद्रीबुवांनी केवळ तिच्यात भर घातली. बंद करणारी तू होतीस, हे मी त्यांना सांगितले नाही. शिव्या खाणे हे जावयांचे कामच आहे आणि जेंपी ते उत्तम करतो. मी उठलो, टोपी काढली आणि टीव्हीला ‘ठीक आहे, निघतो’ असे सांगितले. क्रिश्पिंला प्रथमच काहीतरी ऐकू आले. कोणाशी बोलतोस म्हणून त्याने विचारले. घरातल्या माणसाशी, असे मी उत्तर दिले.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. काल सोमवारी मी एकटा होतो. आठ वाजले, टीव्ही सुरूच. मला भूक लागली होती, चुलीवर सूप चढवायचे होते, आणि पडद्यावर कोणी इसम मोटारींविषयी बोलत होता, ज्यात मला तिळमात्र रस नाही. तू बंद केल्यावाचून उठणे बरे दिसले नसते, म्हणून बसून राहिलो. साडेआठ झाले. नऊ झाले. मी अ‍ॅम्प्लिफायरची तार हलवून पाहिली, डबीवरचा हिरवा दिवा पाहिला, तुला मोतीबिंदू आहे हे आठवले, एशला या दिवसांत रस्ते निसरडे असतात हेही आठवले. टेलिफोन हातात घेतला आणि ठेवला. पुन्हा घेतला. तेवढ्यात पडदा काळा झाला, आणि मी भिंतीला धरून थोडा वेळ उभा राहिलो. पायाला मुंग्या आल्या होत्या.

उशीर का झाला, ते उलट टपाली कळवावे. मला काळजी वाटली असे नव्हे. परंतु यापुढे काही कारणाने उशीर होणार असेल, तर आवाज एकाने वाढवावा, म्हणजे तू आहेस एवढे मला कळेल, आणि मी बसून राहीन.

माया जशी आजवर लांबूनही पोहोचली, तशीच पोहोचत राहो.

तुझा दादा,
आदेरितू