मायराने काहीच केलं नव्हतं

ओल्डहॅम,
रविवार, २२ मे १९९४

प्रिय बेरिल,

तुझं पत्र काल मिळालं. डेरेकची पाठ आता बरी आहे आणि नातवाला पोहता यायला लागलं, हे वाचून बरं वाटलं. इकडे मे संपत आला तरी माझा लोकरीचा कोट अजून दाराजवळच्या खुंटीवरच आहे. गुडघे आहेत तसेच आहेत. मागच्या अंगणातला रूबार्ब यंदा इतका माजलाय की चौदा नंबरच्या क्लिफर्डला दोनदा देऊनही संपत नाही. त्याची बायको काही अजून परतलेली नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता आपली मालिका, टॅनर्स रो. सोमवारच्या भागात मायरा हॉर्सफॉल आईला भेटायला वृद्धाश्रमात गेली, तर म्हातारी नेल

बेरिल, हे वाक्य इथेच सोडते. सकाळपासून हा चौथा कागद आहे, आणि प्रत्येक कागदावर मी याच जागी अडते.

एकतीस वर्षं झाली. बोटीवर चढताना तू माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि म्हणालीस, 'टॅनर्स रोमध्ये काय काय होतं ते मला कळवत राहा.' घरचं नव्हे, मालिकेतलं! आई त्यावरून केवढी हसली होती. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार मी टीव्हीसमोर बसायचं आणि रविवारी तुला लिहायचं. तुमच्याकडे ते भाग दीड वर्षाने दिसतात, म्हणून टिमारूत तुझ्या गुरुवारच्या चहाला मैत्रिणी जमतात आणि माझं पत्र तू मोठ्याने वाचतेस. मला त्याचा अभिमान वाटायचा. या गल्लीत माझं कोणी ऐकत नाही, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला सहा बायका कान टवकारून बसतात.

आणि काल तुझं हे पत्र. सहा जूनपासून तुमची वाहिनी मधले सगळे भाग गाळून एकदम आमच्या बरोबरीला येणार. 'आता तुझी दर रविवारची शिक्षा संपली', असं तू गमतीने लिहिलं आहेस. म्हातारी नेल त्या आश्रमात कशी दिसते ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय, असंही लिहिलंस.

नेल तुम्हाला आश्रमात दिसणार नाही. ती आपल्याच घरात आहे, आपल्याच स्वयंपाकघरात, मायरावर खेकसत पेस्ट्री लाटते आहे. मायराने तिला कुठेच पाठवलं नाही. ते सगळं मी रचलं. या बुधवारपर्यंत चौदा महिने मी टॅनर्स रोचा एकही भाग पाहिला नव्हता. मासे-बटाट्याच्या दुकानात रांगेत उभं असताना बायकांच्या बोलण्यातून जे कानावर पडलं तेवढं खरं, बाकी माझ्या पदरचं. मालिकेतल्या खाटकाच्या बायकोने त्याची शर्यतीची कबुतरं रागाने सोडून दिली आणि ती संध्याकाळी परत आली पण बायको आली नाही, यावर तुम्ही आठवडाभर हसलात ना? तो आपला क्लिफर्ड. बिचाऱ्याला ठाऊकही नाही की टिमारूत त्याचं नाव झालंय.

आणि नेल म्हणजे आपली आई.

गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून आई घरी नाही. लार्चफील्ड नावाचं म्हाताऱ्यांचं घर आहे, बसने वीस मिनिटं. चांगलं आहे, मुली प्रेमळ आहेत, खिडकीतून चेस्टनटचं झाड दिसतं. तू आईला लिहितेस ती पत्रं मी तिथे नेते आणि वाचून दाखवते. आई विसरायला लागली हे तुला माहीत होतं, पण किती ते मी कळू दिलं नाही. ती पहाटे उठून गाऊनवर शाल घेऊन गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. गिरणी पाडून तिथे फर्निचरचं दुकान झालंय. दुकानातला माणूस तिला खुर्चीवर बसवून मला फोन करायचा. दोनदा गॅस तसाच सुरू राहिला. तरीही मी निभावत होते. हे सगळं सांगून मी स्वतःला सोडवू बघत नाही.

तुला लिहायचं ठरवलं आणि हिंमत होईना. म्हणून पाण्यात काठी घालून खोली बघावी तसं मी मायराला पुढे केलं. मायराने आईला आश्रमात ठेवलं असं लिहिलं आणि तुझ्या उत्तराची वाट पाहत बसले. तू लिहिलंस, 'गुरुवारी आमचं सगळ्यांचं एकमत झालं. जन्मदात्या आईला परक्यांच्या हवाली करणाऱ्या बाईच्या घरचा चहासुद्धा घेऊ नये.' ते पत्र माझ्याकडे आहे. तुझा दोष नाही, तू एका नाटकातल्या बाईबद्दल लिहीत होतीस. पण त्यानंतर माझं तोंड शिवलं गेलं. मग एक खोटं निभावायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. नाताळला तुझा फोन आला तेव्हा मी आईला एका दिवसासाठी घरी आणलं होतं. अर्धं आयुष्य गिरणीतल्या मागांच्या गडगडाटात गेल्यावर तिला फोनवरचं कधी ऐकूच येत नव्हतं, त्यामुळे तू फारसं विचारलं नाहीस, आणि मी सुटले.

याहून वाईट पुढे आहे. सप्टेंबरात आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला तू यायला निघाली होतीस. मी कळवलं की न्हाणीघर फोडलंय, घरभर धुरळा आहे, उन्हाळ्यात ये. न्हाणीघराला कोणी हातही लावला नव्हता. त्या दिवशी आई तू विणलेलं हिरवं स्वेटर घालून दाराकडे तोंड करून बसली होती. तेव्हा ती तुला ओळखत होती, बेरिल. माझं नाव चुकायची, तुझं नाही. या फेब्रुवारीत तिला पक्षाघाताचा झटका आला. मी तुला लिहिलं, सर्दी जरा छातीत उतरली होती. आता ती कोणालाच ओळखत नाही. तुझ्या हक्काची ती भेट मी खाल्ली, आणि ती परत आणून देणं माझ्या हातात नाही.

अजून एक गोष्ट आहे. ती मी मायरालासुद्धा दिली नव्हती.

गेल्या वर्षी मार्चमधला सोमवार होता. टॅनर्स रो सुरू झाली होती आणि मी वही मांडीवर घेऊन बसले होते, कारण रविवारपर्यंत मला बारीकसारीक आठवत नाही. आई विचारायला लागली, 'बेरिल कुठाय गं?' मी सांगितलं, न्यूझीलंडला. मिनिटाने पुन्हा, 'बेरिल अजून आली कशी नाही?' मी पुन्हा सांगितलं. अकरा वेळा झालं. पडद्यावर काय बोलतात ते मला ऐकू येईना, आणि मला ते तुझ्यासाठी हवं होतं. बाराव्या वेळी ती माझी बाही ओढून म्हणाली, 'बेरिलला जेवायला हाक मार.' आणि मी तिच्या तोंडात मारली.

ती रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, 'मी उद्या लवकर उठेन.' मागावर उशिरा पोचलेल्या पोरीला मुकादमाने झापलं की ती बोलेल, तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. माझ्याच्याने होत नाही म्हणून मी तिला पाठवलं असं गल्लीत सगळ्यांना वाटतं, आणि सगळे मला चांगलं म्हणतात. पण मी तिला माझ्यापासून लांब ठेवली. त्या मालिकेचं संगीत सुरू झालं की मला त्या थपडेचा आवाज आठवतो, म्हणून मी पाहणं सोडलं. तुला सांगण्याइतकी हिंमत नव्हती, आणि तुझं पत्र बंद होईल ही भीती होती.

या बुधवारी मात्र आईकडे संध्याकाळी मालिकेच्या वेळेपर्यंत थांबले. तुझं पत्र अजून यायचं होतं, पण तुमच्याकडे मालिकेच्या भागांत काहीतरी बदल होणार हे क्लिफर्डच्या बहिणीने सांगितलं होतं, तिची मुलगी ऑकलंडला असते. लार्चफील्डच्या बैठकीच्या खोलीत साडेसातला टीव्ही लागला आणि मी आईच्या शेजारी बसून राहिले. नेल पेस्ट्री लाटत होती. मायरा दमलेली, तोंडाने कुरकुरत, पण तिथेच उभी. मला रडू आवरेना. आईने आपल्या बशीतलं अर्धं बिस्किट माझ्या हातात कोंबलं. झटक्यानंतर तिचा आवाज गेलाय, पण मागांच्या गोंगाटात बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या ते ती विसरलेली नाही. आपल्याला चर्चमध्ये ती तशीच दटावायची, आठवतं? तिचे ओठ हलले आणि मी वाचलं.

'रडू नका, बाई. तुमचंही कोणीतरी येईल.'

शेजारी बसलेल्या कोणालाही ती हेच म्हणाली असती. मी ते बिस्किट खाल्लं.

हे पत्र सहा जूनच्या आत तुला मिळावं म्हणून उद्या सकाळीच टाकते. गुरुवारी ते मोठ्याने वाचायचं की नाही ते तू ठरव. डॉक्टर म्हणतात हा उन्हाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही. तू आलीस तर ती तुला ओळखणार नाही. पण तिने तुला किती हाका मारल्या ते मोजणारी मीच एकटी आहे, आणि ते तुला तिच्या समोर बसून सांगायचं आहे. माझ्या घरी उतरायचं नसेल तर क्लिफर्डकडे एक खोली रिकामी आहे.

यापुढे आईला लिहिशील तर माझ्या पत्त्यावर पाठवू नको. तिचा पत्ता असा:

मिसेस ॲग्नेस शॅकलटन, खोली नऊ, लार्चफील्ड, ओल्डहॅम.

रोज चार वाजता मी तिथे असते.

हेझल