टॉवरवर दिसलेलं हसू

प्रिय थेग्यू,

मागच्या रविवारी गोदीत जादा पाळी आहे म्हणून तू आला नाहीस, तेव्हा मी गाळा लवकर आवरला आणि बोकजाच्या कटकटीला कंटाळून अखेर बुसान टॉवरवर गेले. बोकजा म्हणजे शेजारची सुकटवाली, जिभेला हाड नसलेली. "जन्मभर त्याच्या पायथ्याशी मासे कापलेस, आता काय थेट वरूनच बोलावणं यायची वाट बघतेस?" म्हणाली.

खरं सांगू, मी मुद्दामच जात नव्हते. माझ्या हेजिनला तू तिथेच लग्नाचं विचारलं होतंस. ते मला सांगायला ती बुटांसकट घरात शिरली होती. मी ओल्या हातानं चापट मारली, "गोदीतला वेल्डर? जन्मभर गंजाचा वास घेशील!" तर म्हणते, "माशांच्या वासात वाढलेय मी, आई. गंज म्हणजे अत्तर!" पुढे आजारपणात तिचे केस गेले, तेव्हा तिला टोपी घालताना तुझे हात किती हलके व्हायचे, ते मी पाहिलंय. ती गेल्यावरही तू दर रविवारी येतोस, बर्फाच्या पेट्या उचलतोस, माझ्यासमोर मुकाट जेवतोस. पोटचा पोरगाही एवढं करत नाही.

वर गेल्यावर बोकजा काचेला नाक लावून स्वतःचं घर शोधत बसली. मी वळले, तर पलीकडच्या काचेपाशी तू. शेजारी करड्या कोटातली एक मुलगी. तिनं तुझा हात धरला होता. ती काहीतरी म्हणाली आणि तू हसलास, मान मागे टाकून, मोठ्यानं. तुझं ते हसणं मी विसरूनच गेले होते.

बोकजानं माझा दंड धरला. "तो तुझा जावई ना गं? थांब, विचारतेच त्याला!" मी तिला ओढत लिफ्टमध्ये कोंबलं. "तोंड उघडलंस तर याद राख!" खाली बागेतल्या बाकावर बसले आणि इतकी रडले, की बोकजा माझी पाठ चोळत बसली. पोरीला दुसऱ्यांदा मातीत ठेवल्यासारखं वाटलं. तुझा राग नाही आला. खोटं कशाला बोलू, थोडा आला.

म्हणून लिहिते आहे. पुढच्या महिन्यात हेजिनचं श्राद्ध. यंदा येऊ नकोस. रागानं म्हणत नाही रे. तिच्या फोटोपुढे वाकलास की तुला मान वर करवणार नाही, आणि ते मला बघवणार नाही. तिचं पान मी वाढीन. तू पुन्हा हसायला लागलास, हेही तिला मीच सांगीन. थंडी सरली की त्या मुलीला घेऊन जेवायला ये. त्याआधी तिचं नाव तेवढं कळव. नाहीतर दारात चुकून तिला हेजिन म्हणायचे मी.

तुझीच,
आई